पेटीवरचे नाव आणि पेटीतले यंत्र

हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत पालक, शिक्षक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन



या व्याख्यानमालेत आजवर झालेल्या विषयांच्या पंक्तीला माझा विषय बसवला, तर तो अगदीच बाजारी वाटेल याची मला जाणीव आहे. संगणक नामांकित कंपनीचा घ्यावा की सुटे भाग आणून जुळवून घ्यावा, हा काही महोत्सवी चिंतनाचा विषय नव्हे. तो नेहरू प्लेसच्या फरसबंदीवर उभ्या उभ्या बोलण्याचा विषय आहे. परंतु समितीने तो मुद्दाम सुचवला, कारण निर्णय दाराशी येऊन ठेपला आहे. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून आपल्या संगणक कक्षासाठी तीस नवी यंत्रे घ्यायची आहेत आणि ती कोणती घ्यावीत यावरून समितीत सरळसरळ दोन तट पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, देशातली सर्वांत मोठी संगणक बाजारपेठ मेट्रोच्या अंतरावर असताना कंपनीच्या नावाचे पैसे का मोजायचे? दुसरा पक्ष म्हणतो, देणगीचा पैसा आहे, उद्या कोणी बोट दाखवू नये. नावाजलेली वस्तू घ्या आणि मोकळे व्हा. दोन्ही पक्षांत माझे वर्गमित्र आहेत, त्यामुळे मला जपूनच बोलले पाहिजे.

संस्थांसाठी संगणक घेणे आणि ते चालते ठेवणे हा माझा बावीस वर्षांचा व्यवसाय आहे. दोन्ही प्रकारची यंत्रे मी पुष्कळ घेतली, पुष्कळ उघडली. कोणत्याही कंपनीची किंवा दुकानाची बाजू घेऊन मी येथे उभी नाही.

प्रथम प्रश्न का उद्भवला ते सांगते. कक्षातली आपली सध्याची यंत्रे विंडोज १० वर चालतात आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ साठी सुरक्षेची एक विशिष्ट सोय, तिला टीपीएम २.० म्हणतात, ती लागते. आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. आपली यंत्रे त्याहून जुनी आहेत. शिक्षणसंस्थांना अगदी अल्प दरात तीन वर्षांपर्यंत सुरक्षेची मुदतवाढ मिळू शकते, तेव्हा उद्या सकाळी आकाश कोसळणार नाही. तरीही खरेदी टाळता येईल असे दिवस आता राहिले नाहीत.

आणि या खरेदीत कोणाचे काय पणाला लागले आहे, तेही आधीच बोलून टाकू. आपल्या शाळेत येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी मोबाइल आहे, संगणक नाही. त्यांच्या दृष्टीने आठवड्यातल्या दोन तासिका म्हणजेच संगणक. कक्षातले एक यंत्र बंद पडले की त्या जागेवरचे मूल शेजारच्या जागेवर दाटीवाटीने बसते. माउस ज्याच्या हातात, तो शिकतो. दुसरा पाहत राहतो. हे दुसरे मूल बहुधा बुजरे असते, हे शिक्षकांना मी सांगायला नको. म्हणून यंत्राची किंमत मी रुपयांत मोजायच्या आधी दिवसांत मोजते: वर्षातून हे यंत्र किती दिवस बंद राहील, आणि ते बंद असताना त्याचे उत्तर कोण देणार आहे? आज जे काही सांगेन ते याच मापाने.

आता थोडे मागे जाऊ. संगणक सुट्या भागांतून जुळवता येतो, ही गोष्ट आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की त्यात नवल वाटत नाही. दूरचित्रवाणीचा संच कोणी भाग आणून जुळवत नाही, शीतकपाटही नाही. संगणकाचेच असे का? याचे कारण १२ ऑगस्ट १९८१ या दिवसाशी जोडलेले आहे. त्या दिवशी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. तो लवकर आणायचा होता, म्हणून कंपनीने बहुतेक भाग बाहेरून घेतले: प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. शिवाय यंत्राच्या मंडलांच्या आकृत्या तिने तांत्रिक पुस्तिकेत छापल्या, म्हणजे इतरांना त्यासाठी जोडकार्डे बनवता यावीत. आयबीएमची म्हणून जी खास गोष्ट उरली, ती म्हणजे बायोस हा छोटासा मूळ प्रोग्राम. मूळ मजकुराला हात न लावता, केवळ त्याच्या वागणुकीवरून तसाच दुसरा प्रोग्राम लिहून कॉम्पॅकने १९८३ मध्ये आपले यंत्र विकायला आणले. मग इतरांनीही तीच वाट धरली आणि संगणक ही कोणा एका कंपनीची मिरास राहिली नाही. पुढे १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचे मानक जाहीर केले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा, वीजपुरवठ्याची जोडणी हे सारे त्यात ठरले. तैवानात बनलेला बोर्ड दिल्लीत बनलेल्या कॅबिनेटमध्ये बिनतक्रार बसतो, तो त्यामुळे.

आपल्या देशात याला आणखी एक पदर आहे. परकीय चलन नियमन कायद्याखाली भारतीय कंपनीतला आपला हिस्सा कमी करण्याची अट न मानता आयबीएम १९७८ मध्ये येथून निघून गेली. त्या सुमारास एचसीएलसारख्या देशी कंपन्या उभ्या राहत होत्या. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक व त्याच्या भागांवरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. या काळात दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर ही नावे मध्यमवर्गीय घरांत तोंडी झाली. आपल्यापैकी अनेकांच्या घरातला पहिला संगणक अशाच एखाद्या दुकानातून आला असेल. कंपनीच्या यंत्राची किंमत तेव्हा अनेक घरांच्या आवाक्याबाहेर होती. जुळणीच्या संगणकाने हिंदुस्थानातल्या सामान्य घरात संगणक आणला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

येथे एक आडवळण घेते, कारण या सभागृहात ते शोभेल. मराठी संगणकावर प्रथम दिसू लागली तेव्हा कोणत्याही बड्या कंपनीने मराठीसाठी यंत्र बनवलेले नव्हते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये गेले. ही संस्था १९८८ ची. तिथे जिस्ट नावाचे कार्ड तयार झाले. संगणकाच्या पेटीतल्या रिकाम्या खाचेत ते कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी उमटत असे, तमिळ आणि बंगालीही. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे इस्की हे मानक झाले. युनिकोड घरोघर पोहोचायला त्यानंतर बरीच वर्षे लागली. मधल्या काळात कित्येक मराठी मजकूर त्या रिकाम्या खाचेच्या आधाराने तयार झाले. ती खाच मोकळी राहिली, कारण यंत्राची रचना उघडी होती. म्हणून पेटी उघडता येणे या गोष्टीला मी केवळ काटकसरीची सोय मानत नाही.

तर मग जुळणीचाच संगणक घ्यावा, असे मी म्हणेन असे आपल्याला वाटले असेल. थोडे थांबा.

कंपनीच्या पेटीत आणि दुकानदाराच्या पेटीत जे असते, ते बरेचसे सारख्याच कारखान्यांतून येते. प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा. मेमरीच्या चिपा सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या तिघांपैकी कोणाच्या तरी असण्याचा संभव मोठा. यंत्रांची प्रत्यक्ष जुळणीदेखील पुष्कळदा नामांकित कंपनी स्वतः करत नाही, कंत्राटी कारखाने करतात. अर्थात पेटीवरच्या नावाचे जादा पैसे आपण धातूसाठी मोजत नाही. मग कशासाठी मोजतो? एका उदाहरणाने सांगते.

समजा, मंगळवारी दुसऱ्या तासिकेला अकरा क्रमांकाचे यंत्र सुरूच झाले नाही. ते कंपनीचे असेल आणि जागेवरच्या सेवेची हमी घेतलेली असेल, तर संगणकाच्या बाई मागच्या बाजूचा क्रमांक फोनवर सांगतात. दोन-चार तपासण्या करून घेतल्यावर तक्रार नोंदली जाते आणि माणूस येतो. बोर्ड गेला की एसएमपीएस गेला की मेमरी, हे ठरवणे त्याचे काम. काही झाले तरी जबाबदार एकच. आता तेच यंत्र जुळणीचे असेल तर? प्रत्येक भागाची हमी वेगळी असते. बोर्डाची बहुधा तीन वर्षे, एसएसडीची तीन किंवा पाच, कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसची जेमतेम एक, मेमरीची भरपूर. हमी आहे, पण ती ज्याची त्याची आहे. आधी कोणता भाग गेला हे आपण शोधायचे. मग तो काढून दुकानात न्यायचा, दुकानदार तो वितरकाच्या सेवा केंद्रात देणार. तिथून बदली भाग येईपर्यंत आठवडा, पंधरवडा, कधी महिना. बोर्डवाला म्हणतो मेमरी तपासा, मेमरीवाला म्हणतो बोर्ड तपासा, आणि दोघेही आपापल्या परीने खोटे बोलत नसतात. हे सारे आपल्या एकुलत्या एका संगणक शिक्षिकेने तासिका, परीक्षांचे गुण आणि संकेतस्थळावरची माहिती सांभाळून करायचे. घरी हौशी मुलगा असेल तर तो हेच काम आनंदाने करील. शाळेत तो माणूस नाही.

समितीतल्या एका मित्राने सुचवले, आपला अमुक एक माजी विद्यार्थी बाजारात बसतो, तो घरच्यासारखे पाहील. मला त्याच्या सद्भावनेविषयी तिळमात्र शंका नाही. परंतु संस्थेची हमी एका माणसाच्या चांगुलपणावर ठेवणे हे त्या माणसावरही अन्यायकारक आहे. तो तीन वर्षांनी दुसरा व्यवसाय करील, दुसऱ्या शहरात जाईल. तसे करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. एका संस्थेत तर दुकान बंद झाल्यावर बिलेही सापडेनात, आणि बिल नाही म्हणजे भागांची हमीही नाही, असा प्रसंग मी पाहिला आहे.

आता बाजाराबद्दल थोडे सविस्तर बोलते, कारण पालकांना याचा उपयोग अधिक होईल.

जुळणीच्या यंत्रात सर्वांत जास्त फसवणूक डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात होते आणि तो भाग म्हणजे एसएमपीएस. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेपासून यंत्राला लागणारी १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर वीज तो बनवतो. स्वस्त कॅबिनेटसोबत तो जणू फुकट येतो आणि त्यावर ४५० वॉट असे ठसठशीत छापलेले असते. छापायला वॉट लागत नाहीत. हातात घेतल्यावर तो काडेपेटीसारखा हलका लागला, तर आत पुरेसे तांबे आणि चांगले कपॅसिटर नाहीत असे खुशाल समजावे. दिल्लीच्या मे महिन्यात, धुळीने भरलेल्या पंख्यासह, चढउताराच्या विजेवर तो वर्ष-दीड वर्ष काढतो आणि जाताना कधीकधी बोर्डालाही घेऊन जातो. ८० प्लस असे प्रमाणन असलेला, ओळखीच्या नावाचा एसएमपीएस वेगळे पैसे देऊन घ्या. इतर कुठे काटकसर करायची ती करा.

दुसरी गोष्ट जाहिरातीची. 'आय-सेव्हन, सोळा जीबी' असे वाचून पालक हरखतात, आणि किंमतही आश्चर्य वाटावे इतकी कमी असते. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नावे पंधरा वर्षांहून अधिक काळ चालत आली आहेत. त्यांच्यापुढचा आकडा पाहिल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. आय-सेव्हन २६०० हा प्रोसेसर जानेवारी २०११ चा आहे, दुसऱ्या पिढीचा. आय-थ्री १२१०० हा जानेवारी २०२२ चा, बाराव्या पिढीचा. दोघांतही कोअर चारच. पण हा धाकटा आय-थ्री त्या थोरल्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो, वीजही कमी खातो, आणि विंडोज ११ त्याच्यावर रीतसर चालते, आय-सेव्हनवर चालत नाही. जुने काढलेले प्रोसेसर नव्याने बनवलेल्या स्वस्त बोर्डांवर बसवून चकचकीत काचेच्या कॅबिनेटमध्ये विकण्याचा धंदा जोरात आहे. आत रंगीत दिवे लावलेले असतात. दिव्यांनी भुलू नये एवढेच सांगेन.

तिसरी गोष्ट बिलाची. 'पक्के बिल हवे असेल तर अठरा टक्के वेगळे,' हे वाक्य ज्याने ऐकले नाही तो नेहरू प्लेसला गेलाच नाही. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या भागाची हमी दुकानदाराच्या मर्जीवर असते. आणि शाळेच्या बाबतीत लेखापरीक्षकासमोर ती चिठ्ठी ठेवण्याची कल्पनाही नको. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. प्रोसेसर कंपनीच्या बंद खोक्यात मिळतो तसा सुटाही मिळतो. सुटा स्वस्त पडतो, पण त्याच्यामागे उत्पादकाची थेट हमी बहुधा नसते.

आणि चौथी, जी कोणी मोठ्याने बोलत नाही. जुळणीच्या संगणकाची किंमत कमी दिसते ती पुष्कळदा विंडोजचे पैसे त्यात नसतात म्हणून. दुकानदार 'टाकून देतो' म्हणतो. नेहरू प्लेसचे नाव अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधींच्या कुख्यात बाजारांच्या यादीत एकाहून अधिक वेळा आले, ते अशा टाकून देण्यामुळेच. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३-ब प्रमाणे, अनधिकृत प्रत आहे हे ठाऊक असून संगणकावर वापरली, तर कमीत कमी सात दिवसांची आणि जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकते. शाळेला तुरुंगाचे भय दाखवण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या खोलीत आपण नागरिकशास्त्राचे प्रकल्प छापून घेतो, त्या खोलीत चोरीची प्रत नसावी, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. अस्सल परवान्याची किंमत धरून हिशेब केला की साध्या कामाच्या यंत्रात दोन्हींमधली तफावत बरीच आटते, कारण मोठ्या कंपन्यांना हे परवाने घाऊक दराने मिळतात. खेळांसाठी किंवा चित्रफीत-संपादनासाठी ताकदवान यंत्र हवे असेल, तर मात्र जुळणीचे यंत्र आजही सरस ठरते: ग्राफिक कार्ड कोणते, मेमरी किती, वारा कसा खेळतो, सारे आपल्या हातात असते. आपल्याला कक्षात तसे काही करायचे नाही.

परवान्याचा प्रश्न मुळातून सोडवण्याचा एक मार्ग आहे आणि तो आपल्याच देशात चालून दाखवलेला आहे. केरळातील शासकीय व अनुदानित शाळांचे संगणक शिक्षण कैक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे लिनक्सवर उभे आहे. पूर्वी आयटी अॅट स्कूल आणि आता काइट या नावाने ओळखली जाणारी संस्था ते पाहते. तिने २०१८ मध्ये लिटल काइट्स नावाची विद्यार्थी मंडळे सुरू केली. त्यांत मुलांना मल्याळम संगणनही शिकवतात आणि हार्डवेअरही. दिल्लीतली आपली मुले पुढे जिथे जातील तिथे विंडोज भेटणार आहे, म्हणून तीसच्या तीस यंत्रे लिनक्सवर न्यावीत असे मी म्हणत नाही. जुन्या यंत्रांच्या बाबतीत मात्र म्हणते. त्यावर शेवटी येते.

कंपनीच्या यंत्राविषयीही भाबडेपणा नको. एकाच कंपनीची घरगुती यंत्रे वेगळी आणि कार्यालयीन यंत्रे वेगळी असतात. दुकानाच्या काचेत दिसतात ती बहुधा घरगुती. त्यांची हमी सामान्यतः एका वर्षाची. आपण कार्यालयीन मालिकेतले यंत्र मागायचे. त्यातही एक खोच आहे. अनेक कार्यालयीन यंत्रांत एसएमपीएसचा आकार आणि बोर्डाची जोडणी त्या कंपनीची स्वतःची असते. एटीएक्स मानकाचे बाजारातले भाग तिथे बसत नाहीत. हमी आहे तोवर याची झळ लागत नाही. पाचव्या वर्षी लागते, आणि तेव्हा अडला हरी म्हणून कंपनी सांगेल ती किंमत द्यावी लागते. पेटी बारीक करण्याच्या नादात काही यंत्रांत मेमरीची एकच खाच उरलेली असते, तीही पाहावी. 'पुढील कामाच्या दिवशी सेवा' या शब्दांच्या खाली बारीक अक्षरांत बरेच काही असते: दिवस मोजायचा तो फोनवरचे निदान पूर्ण झाल्यानंतर, भाग उपलब्ध असल्यास. विजेच्या झटक्याने जळालेले, पाणी गेलेले किंवा उंदराने कुरतडलेले हमीत बसत नाही. आपल्या तळमजल्यावरचे उंदीर सर्वांच्या परिचयाचे आहेत. म्हणून यंत्रांच्या आधी खोलीचे अर्थिंग तपासून घेणे आणि तारांची वाट बंदिस्त करणे, यावर थोडा खर्च होऊ द्या. देणगीदारांना त्याची पाटी लावता येणार नाही, हे खरे.

तेव्हा माझे मत असे. कक्षातली तीस यंत्रे कंपनीची, कार्यालयीन मालिकेतली, एकाच नमुन्याची घ्यावीत. जागेवरच्या सेवेची हमी तीन वर्षांची आणि कंपनी देत असेल तर पाच वर्षांची, खरेदीच्या वेळीच विकत घ्यावी. नंतर ती महाग पडते किंवा मिळतच नाही. प्रोसेसर सर्वांत वरचा नको, आय-थ्रीच्या तोडीचा अलीकडच्या पिढीचा पुरे. मेमरीची दुसरी खाच मोकळी असल्याचे लेखी घ्यावे. यंत्रे एकसारखी असण्याचा मोठा फायदा असा की, एकावर बसवलेली व्यवस्था जशीच्या तशी इतरांवर उतरवता येते. मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक आणि मराठी वळणाचे ल आणि श दाखवणारे फाँट प्रत्येकावर वेगळे बसवत बसावे लागत नाही. जो पक्ष हरला असे वाटेल, त्याला मी एवढेच सांगते की हा कौल कंपनीच्या यंत्राच्या श्रेष्ठत्वाचा नाही. आपल्याकडे दुरुस्तीला माणूस नाही, म्हणून आपण तो हमीच्या रूपाने विकत घेत आहोत.

पालकांसाठी माझे उत्तर निराळे आहे. घरात कोणाला हौस आणि थोडी समज असेल तर जुळणीचा जरूर घ्या, वर सांगितलेल्या चार गोष्टी सांभाळून. हौस नसेल आणि हात आखडता असेल, तर कार्यालयांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेली कंपनीची यंत्रे साफसूफ करून मिळतात. आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर, नवी एसएसडी, अस्सल परवाना आणि निदान सहा महिन्यांची दुकानाची लेखी हमी असेल, तर दहावी-बारावीच्या मुलाला याहून अधिक काही लागत नाही. भपकेबाज नव्या स्वस्त यंत्रापेक्षा मी तेच घेईन.

राहता राहिली आपली जुनी बावीस यंत्रे. ती भंगारवाल्याला देऊ नयेत. या शहरातली संगणकांची किती भंगार सीलमपूरला जाते आणि तिथे तांबे सोडवण्यासाठी काय काय जाळले, उकळले जाते, हे आपण जाणतो. जी खरोखर गेली आहेत ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावीत. देण्यापूर्वी त्यांच्या हार्ड डिस्क काढून घ्याव्यात, कारण त्यांवर मुलांची नावे, पत्ते आणि गुण आहेत. बाकीची उघडायची आहेत. त्यांतली मेमरी एकत्र करून, स्वस्तातली एसएसडी घालून आणि लिनक्स चढवून आठ-दहा यंत्रे पुन्हा उभी राहतील असा माझा अंदाज आहे. ती कक्षात ठेवायची नाहीत. शेजारच्या जुन्या चित्रकलेच्या खोलीत, लांब टेबलावर, झाकणे उघडी ठेवून मांडायची. ती बिघडली तर बिघडू देत. नववीच्या मुलामुलींनी ती सोडवावीत, जुळवावीत, एसएमपीएस मात्र उघडू नये. वीज काढल्यावरही त्यात काही काळ झटका साठून राहतो.

मुख्याध्यापकांनी त्यासाठी येत्या शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ दिली आहे. पिळाचे स्क्रूड्रायव्हर मी आणते. धूळ उडवायला फुंकणी आणि जुने दात घासायचे ब्रश पालकांनी मुलांबरोबर पाठवावेत, आणि मुलींना वगळून फक्त मुलांचीच नावे आली, तर ती यादी मी परत करणार आहे. नावे संगणकाच्या बाईंकडे शुक्रवारपर्यंत द्यावीत.